बुर्गाचा सरळ खांद्यांचा कोट

आमच्या गल्लीत राहायचं तर एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते. माझी खिडकी सगळ्यांच्या खिडक्यांसमोर आहे. आता ती तिथं आहेच म्हटल्यावर मी काय डोळे मिटून बसू? तेव्हा नोटबुर्गाबद्दल मला जे ठाऊक आहे, ती चहाडी समजू नका. शेजारधर्म समजा.

नोटबुर्गाला सगळं गाव बुर्गा म्हणतं. तिचं घर अगदी माझ्या समोर, आणि तळमजल्याच्या खिडकीशी तिचं शिवणयंत्र. गावात कुणाची विजार आखूड करायची असो, कुणाचा लग्नाचा झगा पोट वाढल्यामुळे सैल करायचा असो, माणूस तिच्याकडेच येतो. तिचा डावा खांदा उजव्याहून खाली आहे. जन्मापासून. चालताना ती डावीकडे थोडी कलते, हातात पाण्यानं भरलेली बादली असावी तशी. गल्लीच्या टोकाला धुक्यात नुसती सावली हलली तरी ती बुर्गा आहे हे इथल्या कुत्र्यांनाही कळतं.

तिच्या खिडकीसमोर बसून मी एक गोष्ट शिकले. गावात सरळ माणूस नाही. नगराध्यक्षांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, ‘सोनेरी हरिण’ खानावळ चालवणाऱ्या ओटीलीचा एक कुल्ला दुसऱ्याहून मोठा आहे, पाद्रीबुवांची मान पुढं आलेली आहे. बुर्गानं यातलं अक्षरही कधी तोंडातून काढलं नाही. ते सगळं तिच्या टाचण्यांना माहीत. मी फक्त दोरीवर टांगलेल्या विजारी बघते.

शिवणाच्या मासिकात मधोमध एक मोठा कागद घडी करून घातलेला असतो ना, त्यावर डझनभर कपड्यांच्या फर्म्यांच्या रेषा एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटावं, कोंबड्या शाईतून चालून गेल्या. बुर्गा त्यावर पातळ कागद अंथरते, दातेरी चाक फिरवते आणि त्या गुंत्यातून एक बाही नाहीतर एक पाठ नेमकी उचलून घेते. रेषांमध्ये शिवणीची माया धरलेली नसते, ती आपण सोडायची. आणि ज्या बाईच्या मापानं तो फर्मा काढलेला असतो तिला बुर्गा ‘कागदबाई’ म्हणते.

“आली बघ कागदबाई,” ती मला म्हणायची. “दोन्ही खांदे एका पातळीत, दोन्ही कुल्ले सारखे, पाठीला बाक नाही. अशी बाई तू कधी पाहिलीस?”

“आरशात,” मी म्हणायची.

“तुझी गोष्ट वेगळी. तू आरशातसुद्धा थापा मारतेस.”

मग ती कात्री उचलायची आणि कागदबाईची खोड मोडायची. जिच्यासाठी कपडा असेल तिच्याप्रमाणे इथं वाढव, तिथं चिमटा घे. स्वतःसाठी शिवायचं असलं की सगळ्यात आधी डावा खांदा खाली उतरवायचा. आयुष्यभर हेच. कागदाला माणसासारखं करायचं.

आता फास्नेटबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी आमच्याकडे सगळं गाव वेडं होतं, त्याला फास्नेट म्हणतात. त्यातला सोमवार फिरकी घेण्याचा. लाकडी मुखवटा चढवून, आवाज किरटा करून, खानावळीत शिरायचं आणि टेबलाटेबलाला जाऊन लोकांचं वर्षभराचं उणंदुणं काढायचं. मुखवटा सगळ्यांना अरे-तुरे करतो. नगराध्यक्ष असो की पाद्रीबुवा, ऐकून घ्यावंच लागतं, रागावलं तर हसं होतं. प्रत्येक टेबलाला मुखवटा शेवटी विचारतो, “ओळखलंस का मला?” नाव चुकलं, की मुखवटा पुढच्या टेबलाकडे. नाव बरोबर आलं, की मुखवटा उचलायचा, लोक पाजतील तो वाइनचा पेला प्यायचा आणि खेळ संपला. दारापासून शेगडीजवळच्या मोठ्या टेबलापर्यंत कुणीही न ओळखता जाणं, याची प्रतिष्ठा आमच्याकडे पदकापेक्षा मोठी.

बुर्गाला ती कधी मिळाली नाही. शेगडीचं टेबल राहू दे, ती पहिल्या टेबलाच्याही पुढं कधी गेली नाही. तरुणपणी ती दरवर्षी जायची. एकदा शाल पांघरलेली चेटकीण झाली, एकदा पाठीवर टोपली घेतलेली म्हातारी. पण दार उघडायचा अवकाश, आतून आवाज यायचाच, “आली बघा आमची बुर्गा! ये बाई, बस. काय घेतेस?” अगदी मायेनं हो. कुणी हसलं नाही, कुणी नक्कल केली नाही. ती मुखवटा उचलायची, वाइन प्यायची, घरी जायची. शेवटी एका वर्षी ती अस्वल झाली. नखशिखान्त केस, आत पेंढा, चार पायांवर रांगत दारात. “बुर्गा, अगं गुडघे दुखतील तुझे!” ओटीली ओरडली. त्यानंतर तिनं जाणं सोडलं आणि इतरांचे पोशाख शिवू लागली.

हे सगळं ठाऊक असल्यामुळेच त्या जानेवारीत, गाव कपाटांतून पोशाख काढून झटकत होतं तेव्हा, बुर्गा मासिक काखेत धरून माझ्या स्वयंपाकघरात आली, आणि मी केकचा तुकडा तोंडात कोंबून गप्प बसले.

“रोसवीटा,” ती म्हणाली, “तुझं तोंड किती दिवस बंद राहू शकतं?”

“विषय काय आहे त्यावर आहे.”

“मी आहे.”

“मग कठीण आहे बाई.”

“यंदा सोमवारी मी ‘हरणा’त जाणार. शेगडीपर्यंत. माझ्या घरी शिवलं तर येणारं-जाणारं बघेल. तुझा माळा पाहिजे. आणि पाठीवर टाचण्या लावायला कुणीतरी पाहिजे, मला माझी पाठ दिसत नाही.”

“आणि सगळ्या गावात तुला मीच सापडले?”

“तूच. तू कुणाचं गुपित ठेवलंयस असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. तुझ्या घराकडे कुणी बघणारच नाही.”

हा अपमान होता की शाबासकी, ते मी अजून ठरवते आहे. “पण बोललीस,” ती पुढं म्हणाली, “तर काजाच्या टाक्यानं ओठ शिवून टाकीन. जवळजवळ, घट्ट.”

मला वाटलं, मोठा झोळ असलेला झगा करेल, खांद्यावरून केप सोडेल. तसं म्हटलंही. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सुई उलट्या बाजूनं ओवते आहे.

“इतकी वर्षं मी लपवतच होते ना? शाल, टोपली, केस. गावात कुणी खांदा झाकून आलं की लोक आधी माझं नाव घेतात. या वेळी झाकायचं नाही. अंगाबरोबर बसणारा कोट. खांदे उघडे, ताठ, कडेला धार असलेले. असला कोट बुर्गा घालेल असं कुणाला वाटेल?”

तिनं मासिक उघडलं. बायकांचा हिवाळी लांब कोट, कंबरेत चापून बसवलेला. त्याचा ती जुन्या काळच्या सरदाराचा कोट करणार होती. मोठ्या कॉलरच्या जागी उभी पट्टी, बटणं पुरुषांच्या बाजूला, पाठीला खालून चीर आणि चुण्यांचा घेर, बाहीला रुंद दुमड. कापड गावात घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून ती आगगाडीनं दूर जाऊन बाटलीसारखं हिरवं जाड लोकरी कापड घेऊन आली. तुकडा शेवटचा होता, जेमतेम पुरणारा.

“आणि तू त्यात मावणार कशी?” मी विचारलं. “कोट सरळ, तू तिरकी.”

“या वेळी कागदबाईला माझ्यासारखं करायचं नाही. मी तिच्यासारखी होणार.”

  सगळ्या जन्मात तिनं ज्या बाईची टिंगल केली, तिच्याच मापात आता तिला शिरायचं होतं.

तिनं डाव्या खांद्यासाठी घोड्याच्या केसांची आणि कापसाची उशी बनवली, थरावर थर, कच्च्या टाक्यांनी बांधलेली. डाव्या बुटात बुचाचा तुकडा बसवला. माझ्या माळ्यावर, वाळत टाकलेल्या चादरींमधून ती चालायचा सराव करायची आणि मी खुर्चीवर बसून न्यायाधीश.

“बादली ठेव खाली,” मी म्हणायची. “अजून बादली आहे हातात.”

“आता?”

“आता दुधाचं भांडं.”

हळूहळू भांडंही गेलं. एका दुपारी तिनं अख्खा माळा पार केला, वळून परत आली आणि तिच्यात बुर्गा कुठंच नव्हती. मला, खरं सांगते, थोडं चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

मग कोट अंगावर चढवायची वेळ आली. कच्च्या टाक्यांवर जोडलेला, बाह्या टाचण्यांवर. आत उशी, पायात बूट. मी मागून पाहिलं. कोट डावीकडे उतरलेला.

“उशी कमी पडली,” मी म्हणाले.

तिनं कापूस वाढवला. डाव्या बाजूला बाहीच्या मुंढ्यापाशी कापड ताणलं, गळा ओढला गेला, पण उतार काही जाईना. उशी जितकी वाढवावी तितका कोट चुरगळायचा. तासाभरानं आम्ही दोघी घामाघूम. मी म्हटलं, मासिकवाल्यांचाच फर्मा चुकलाय, त्यांना खरमरीत काहीतरी सुनवायला हवं.

बुर्गानं कोट काढला, टेबलावर पालथा घातला, दोन्ही खांद्यांच्या कडा एकावर एक ठेवल्या. डावी कड खाली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी कापली.”

“काय?”

“कागदावर चाक फिरवताना खांदा उतरवला. मला कळलंसुद्धा नाही. माझ्यासाठी शिवते आहे म्हटल्यावर हात आपोआप गेला.” आणि खाली बसली. “बघ ना रोसवीटा. कागदबाईलाही मी वाकडं करून ठेवलं.”

ती हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. माझी नजर वाईट नाही, पण तेव्हा मी मुद्दाम चादरींच्या घड्या करत होते.

नवा तुकडा मिळणार नव्हता. खालच्या घेरातून कापलेल्या चिंधोट्या उरल्या होत्या, तेवढ्याच. तिनं डावा खांदा उसवला, चिंधोटीची पाचर बेतून मध्ये घातली, आणि कोट सरळ उभा राहिला. पण जोड दिसायचा. गावातल्या बायका जोड आधी बघतात, माणूस मग. तेव्हा तिनं दोन्ही खांद्यांवर सोनेरी काठाचे लष्करी बिल्ले शिवले, झालरींसकट. एका खांद्याची चूक झाकायला दोन्ही खांदे नटवले. लपवायचं नाही म्हणणाऱ्या बुर्गानं शेवटी बोटभर जागा लपवलीच. पण असं लपवलं, की सगळ्यांनी आधी तिथंच बघावं. कोट मूळ बेतापेक्षा दसपट रुबाबदार झाला.

सोमवारी दुपारी मी आधीच ‘सोनेरी हरणा’त जाऊन बसले. शेगडीच्या मोठ्या टेबलाला लागूनच जागा धरली, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची ताटली समोर ओढली आणि तोंड भरलेलं ठेवलं. शेगडीच्या टेबलावर गेबहार्ड बसला होता. गेबहार्ड म्हणजे बुर्गाचा भाऊ, निवृत्त गवंडी. बायको गेल्यापासून वरच्या आळीत एकटा राहतो. स्वभावानं भिंतीसारखा, टेकायला चांगला, बोलायला कठीण.

दार उघडलं. हिरवा कोट आत आला. ताठ. हातमोजे, गुळगुळीत लाकडी मुखवटा, ओठांवर लाकडी हसू. माझा गोळा घशात अडकला.

कुणीही काही ओरडलं नाही.

“आईशप्पथ, कोण हा सेनापती?” कुणीतरी कुजबुजलं. पहिल्या टेबलावर नगराध्यक्ष. मुखवट्यानं त्यांच्या टकलावर बोट फिरवून किरट्या आवाजात सुरुवात केली, “काय रे, नवीन कारंजं बांधलंस, त्यात पाणी कधी घालणार? का पुढच्या निवडणुकीत घालणार?” खानावळ खदखदली. “ओळखलंस का मला?” नगराध्यक्षांनी औषधवाल्याचं नाव घेतलं. मग दुसरं टेबल, तिसरं. लोकांनी शाळामास्तरांचं नाव घेतलं, पाद्रीबुवांच्या पुतण्याचं घेतलं. सगळे पुरुष. बुर्गा फिरकी घेत होती, आणि काय घेत होती! जन्मभर खिडकीशी मुकाट बसलेल्या बाईनं सगळं साठवून ठेवलं होतं. त्यात विष नव्हतं. गुदगुल्या होत्या, पण नेमक्या जागी.

अशी ती शेगडीच्या टेबलाशी पोचली. पोचली! मी टेबलाखाली स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला. आता भावाला चार टोमणे मारायचे, प्रश्न विचारायचा, बाहेर पडायचं. पण तिचं काय बिनसलं कोण जाणे. ती त्याच्यापुढं वाकली आणि म्हणाली, “आणि तुझी ती वाकडी बहीण कुठंय रे, गेबहार्ड? आली नाही?”

 ओटीली पेले घेऊन चालली होती, ती थांबली. “ए, तिच्यावरून नाही हं. बुर्गाला फास्नेट आवडत नाही. तिला तिच्या घरी सुखानं राहू दे.”

“आवडत नाही?” मुखवटा म्हणाला. आवाज किरटाच होता, पण थोडा खाली आला होता. “कुणी सांगितलं?”

“मी,” गेबहार्ड म्हणाला. त्यानं बियरचा पेला गोल फिरवला. “लहानपणी एकदा कुणीतरी तिच्या खांद्याची नक्कल केली मिरवणुकीत. रडत घरी आली. पुढं मोठी झाल्यावर जायचा हट्ट करायला लागली, तेव्हा मीच इथं सगळ्यांना बजावलं. ती दारात आली रे आली की नाव घ्या, बसवा, पाजा, संपवा. कुणाला तिची मस्करी करायला सवडच मिळता कामा नये. तेव्हा आम्ही एकाच घरात राहायचो, काय घालून येणार ते मला दिसायचंच. मी आधी सांगून ठेवायचो.”

“अस्वलसुद्धा?”

“अस्वलसुद्धा. चार दिवस घरभर पेंढा होता.”

माझ्यापासून हे सगळ्यांनी लपवलं होतं, मी लगेच तिच्या कानात घातलं असतं म्हणून. मी बुर्गाकडे पाहिलं. मुखवट्याला काय, त्याचं हसू खिळ्यांनी ठोकलेलं. हातमोज्यातली बोटं मात्र टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती. इतकी वर्षं तिनं आपल्या खांद्याला दोष दिला होता, आणि खांदा बिचारा निम्म्याहून जास्त निर्दोष होता. आता ही मुखवटा काढून त्याच्या डोक्यात घालणार, असं मला वाटलं. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि वर पेलाही.

तिनं खुर्ची ओढली. त्याच्यासमोर बसली. कोटाचे चिरेपासचे पदर नीट मागं सारले.

“असं होय,” किरटा आवाज पुन्हा वर चढला. “मोठा आलाय दुसऱ्याचं सांभाळणारा! अरे गवंड्या, सगळ्या गावाच्या भिंती तू ओळंबा लावून बांधल्यास आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात एक फळी सरळ ठोकता येत नाही तुला! मिठाची बरणी घसरते म्हणून खाली बियरच्या पेल्याखालचा पुठ्ठा घडी करून लावलायस. आणि कुणी विचारलं तर काय म्हणतोस? फळी सरळ आहे, भिंतच वाकडी आहे!”

टेबल हसून हसून हलायला लागलं. कुणी म्हणे, खरंच का रे गेबहार्ड? गेबहार्ड मात्र हसला नाही. त्याची बियर ओठांपाशीच थांबली. त्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं दोनच माणसं जातात, तो आणि रविवारी त्याच्यासाठी मसुराची आमटी घेऊन जाणारी त्याची बहीण. तो मुखवट्याकडे बघत राहिला. मग झालरींकडे. मग त्या सरळ, सरळ खांद्यांकडे. मी माणसांचे चेहरे वाचते, तोच माझा धंदा. त्याच्या चेहऱ्यावर एकेक वीट जागेवर बसताना मी पाहिली.

मुखवटा थांबला नव्हता. शेजारणीचं प्रेमपत्र आलं म्हणून सांगत फिरलास आणि ती निघाली वीजबिलाची तक्रार, मोटारीला कुलूप लावलंस आणि किल्ली आत, असं किती तरी. लोक डोळे पुसत होते. शेवटी ती उठली, वाकली आणि विचारलं, “ओळखलंस का मला?”

गेबहार्डनं तोंड उघडलं.  त्याच्या जिभेवर नाव आलेलं मला दिसलं, अगदी जिभेच्या टोकावर, जन्मभराच्या सवयीनं. टेबलावरचे लोक नावं ओरडत होते, न्हावी, मास्तर, पोस्टमन. तो कुणाचंच ऐकत नव्हता.

त्यानं तोंड मिटलं. पेला खाली ठेवला.

“नाही बुवा,” तो म्हणाला, घोगऱ्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “कोण आहेस तू? मी नाही ओळखलं.”

 मग तिनं त्याच्यापुढं कंबरेत वाकून मुजरा केला, सरदारासारखा, आणि ताठ झाली. शेगडीपर्यंत जायचं काम पुरं झालं होतं. आता ती दाराकडे जाईल म्हणून मी सुस्कारा सोडला आणि ताटलीतला गोळा उचलला.

ती माझ्या टेबलाकडे वळली.

पुढं तिनं माझ्याबद्दल, माझ्या खिडकीबद्दल आणि माझ्या जिभेबद्दल जे काही सांगितलं ते इथं लिहायची गरज नाही. गावात ज्याला त्याला ते तोंडपाठ आहे. शेवटी लाकडी हसू माझ्या नाकासमोर आणून तिनं विचारलं, “ओळखलंस का मला?” सगळी खानावळ माझ्याकडे बघत होती, कारण सगळ्यांना ओळखणारी मी एकटीच. मी तोंडातला गोळा चघळत राहिले, जितका वेळ चघळता येईल तितका, आणि मान हलवून नाही म्हणाले.